रुजवणीचा मान

माझ्या सासरच्या गावची दसऱ्याची जत्रा बघायला लोक भिवंडीतून गाड्या काढून यायचे आणि मला विचारायचे, "काय गं, तुमच्याकडची जत्रा लई मोठी ना?" मोठी कसली डोंबलाची! आवाज मोठा. बॅनर मोठा. बॅनरवर देवी अंगठ्याएवढी आणि जत्रा कमिटीचा अध्यक्ष माणसाएवढा, हात जोडलेला, डोळ्यांवर गॉगल. देवीपुढे गॉगल घालून हात जोडणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता.

मी भिवंडीतल्या कामतघरची. कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढले. बाप लूमवर, भाऊ लूमवर, घरात बोलायचं ते ओरडूनच. त्यामुळे माझा आवाज चढा आणि जीभ त्याहून चढी. लग्न होऊन हायवेवरच्या वडप्याच्या पलीकडे, डोंगराखालच्या या गावात आले तेव्हा भात ताटात कसा दिसतो एवढंच मला ठाऊक होतं. चिखलात उभं राहायला मला सासूनं शिकवलं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, नवरा वडप्याला गोडाऊनमध्ये ड्युटीला. सासूचं एकच खाचर, डोंगराच्या पायथ्याशी, देवळाच्या पायवाटेला लागून. तेवढ्या तुकड्यावर ती झिणी जातीचा भात लावायची आणि त्याच्याकडे असं बघायची की मला माझ्या नवऱ्याकडे तसं बघायला कधी जमलं नाही.

या गावची रीत साधी होती. घट बसायच्या दिवशी पहाटे डोंगरावरच्या देवळात टोपलीत माती भरायची, त्यात भाताचं धान पेरायचं आणि वर लाल फडकं टाकायचं. त्या वेळी गाभाऱ्यात दोघंच, देवीचा भगत आणि ज्या घराचा मान ते माणूस. नवरात्रभर भगतानं पाणी शिंपडायचं. दसऱ्याला जत्रेत सगळ्यांसमोर फडकं काढायचं. आत वीतभर पिवळेधमक कोंब उभे असायचे. त्याला रुजवण म्हणायचे. ते कोंब घरोघरी वाटायचे. बाप्यांनी टोपीत, बायांनी अंबाड्यात खोवायचे, आणि घरी जाताना आपापल्या शेताच्या बांधावर नेऊन लावायचे. त्यानंतरच नव्या भाताची लोंबी घरात यायची आणि नवा तांदूळ चुलीवर चढायचा. रुजवणीशिवाय नवं खायचं नाही, म्हणजे नाही.

आणि धान द्यायचा मान आमच्या घरचा. कधीपासून ते कोणाला सांगता येत नव्हतं. सासरे होते तोवर ते डोंगर चढायचे, मग सासू चढायला लागली. पहाटे आंघोळ करून, कणगीतलं गेल्या साली राखलेलं धान पदरात बांधून, अनवाणी. तिचं असं दुसरं काही नव्हतंच. एक खाचर आणि एक मान.

मग हायवेला गोडाऊनं आली. आली म्हणजे काय, पूर आल्यासारखी आली. बघता बघता लोकांनी खाचरं विकली, भरणी झाली, पत्रे चढले. गोठ्याच्या जागी गाडी, कणगीच्या जागी फ्रीज, आणि गळ्यात म्हशीच्या दाव्याएवढी साखळी. मला कोणाच्या पैशाचा हेवा नाही. पण काल चिखलात पाय रोवून उभी राहिलेली बाई आज माझ्या घरी येते आणि उंबऱ्यातच नाक मुरडते, "कसला वास येतोय गं?" शेणाचा येतोय बाई, तुझ्या लहानपणाचा! असं मी तिला तोंडावर म्हटलं. तेव्हापासून ती आमच्याकडे येत नाही. बरं झालं.

जत्रेचंही असंच झालं. पूर्वी म्हणे वरच्या पाड्यावरचे लोक ढोल घेऊन उतरायचे, डोंगरच्या काकड्या आणायचे, भज्यांचा घाणा लागायचा, भिवंडीहून बांगडीवाली खाला यायची आणि उधारीवर चुडा भरायची. मी आले तेव्हा खाला होती, पण तिला कोपऱ्यात ढकललं होतं. मधोमध डीजे. पाड्यावरच्या ढोलवाल्यांना कमिटीनं सांगितलं, "तुम्ही पार्किंगमध्ये वाजवा." पार्किंगमध्ये! डोंगर ज्यांचा त्यांना पार्किंग, आणि हे खालचे वर स्टेजवर फेटे बांधून बसणार.

मग एका साली श्रावण सरता सरता अध्यक्ष आमच्या घरी आला. पेढ्याचा बॉक्स घेऊन. म्हटलं, झालं, आता काहीतरी मागणार. पेढा आधी आणि काम मागून, ही या माणसांची रीत.

"काकी," तो सासूला म्हणाला, "देवीचा रस्ता करायचा हाय. गाडी थेट वर गेली पायजे. तुमचं खाचर मधी येतंय. भाव चांगला देतो."

आता या देवीच्या रस्त्याची गंमत अशी, की आमच्या खाचराच्या मागं त्याचीच जमीन होती आणि तिथं त्याला गोडाऊन बांधायचं होतं. कंटेनर आत न्यायला वाट नव्हती. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण नाव देवीचं.

सासूनं पेढ्याचा बॉक्स त्याच्याकडे सरकवला. "देवी तर डोंगरावर बसून असते रं बाबा. तिला कुठं जायचं हाय?"

मी आत चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसले. अध्यक्षाला मात्र ते झोंबलं. पंधरा दिवसांत कमिटीची बैठक झाली आणि निरोप आला, की यंदापासून घटाचं धान कमिटी आणील, काकींना आता डोंगर चढायला त्रास होतो. त्रास! गुडघे हिचे आणि दुखतात यांना!

सासू त्या दिवशी जेवली नाही. मी भांडायला निघाले तर माझा हात धरून मला खाली बसवलं. घट बसायच्या पहाटे मात्र तिनं नेहमीसारखी आंघोळ केली, कणगीतलं धान काढलं, घरातल्या एका जुन्या टोपलीत खाचरातली माती भरली आणि देव्हाऱ्याखाली पेरलं. वर स्वतःच्या लुगड्याचं फाडलेलं फडकं टाकलं.

"त्यांनी मान काढला," ती म्हणाली, "देवी न्हाय काढली."

दसऱ्याला मी जायचंच नाही म्हणत होते. सासू म्हणाली, "देवीवर कसला राग?" म्हणून गेले. लांबून वळसा घालून येणाऱ्या कच्च्या वाटेनं अर्ध्या डोंगरापर्यंत जीप चालू होत्या. आम्ही दोघी चालत. पायवाट त्या वाटेला मिळाली तिथं जीपमधल्या बाया काचा वर करून आमच्या अंगावर धूळ उडवत गेल्या, त्यातली एक माझ्या सख्ख्या चुलत नणंदेची जाऊ. वर पोचलो तर डीजे असा ठणाणा करत होता, की देवीनं कान झाकले नाहीत हेच नवल.

टोपलीही बदललेली. आता चांदीचा मुलामा दिलेलं घंगाळ होतं आणि त्याच्यावर जरीचं कापड. अध्यक्षानं माइक हातात घेतला. कमिटीनं काय काय केलं ते सांगितलं, रस्त्याचं सांगितलं, "काही लोक विकासाच्या आड येतात" हेही सांगितलं आणि आमच्याकडे बघितलं. मग डीजे थांबवला आणि कापड ओढलं.

आत काही नव्हतं. काळी माती, तिच्यावर फुगलेले पांढरे दाणे आणि आंबूस वास. शिळ्या भाताचं पातेलं उघडल्यावर येतो ना, तस्सा. एक कोंब नाही.

बायांनी छातीवर हात ठेवले. गाड्या असोत, बंगले असोत, पण रुजवण आली नाही म्हणजे देवी कोपली, हे रक्तातनं जात नाही. एकेकीचा चेहरा उतरला. अध्यक्षानं गॉगल काढला तेव्हा मला पहिल्यांदा त्याचे डोळे दिसले. भ्यायलेले होते.

आणि तेवढ्यात भगताच्या अंगात आलं. बरोबर वेळेवर आलं! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. त्याला गेल्याच महिन्यात कमिटीनं मोटरसायकल दिली होती. तो घुमायला लागला, केस सोडले आणि ओरडला, "वाट! माझी वाट अडवलीय! वाट मोकळी करा, न्हायतर धान येनार न्हाय!"

झालं. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, "काकी, देवीच बोलतेय." दुसरी म्हणाली, "आता हट्ट सोड गं बाय, आमच्या पोराबाळांकडं बघ." आणि माझी सासू, जिनं अध्यक्षाला पेढ्यासकट परत पाठवलं होतं, तिनं डोक्यावर पदर घेतला. माणसांना ती भीत नव्हती. देवीला भीत होती. ती पुढं गेली, घंगाळासमोर गुडघे टेकले आणि हात जोडले. डोळ्यांतनं पाणी.

"आई," ती म्हणाली, "तुला माझं रान पायजे असंल तर..."

माझं डोकंच फिरलं. भर जत्रेत, सासूला अडवून, मी सून ओरडले, "आई, थांबा! पुढं बोलू नका!" लूमच्या खडखडाटावर चढणारा आवाज तो, माइक कशाला लागतो. मी पुढं झाले आणि सरळ घंगाळात हात घातला. "शिवू नको, शिवू नको" म्हणून भगत घुमता घुमता मला सांगायला लागला. मी मूठभर चिखल काढला, त्यातले दाणे पदराला पुसले आणि सगळ्यांसमोर तळवा धरला.

लांब, पांढरा, सोललेला बासमती. पाकिटातला. ना तूस, ना टरफल.

"हे पेरलंय होय यांनी?" मी विचारलं. "तांदूळ पेरलाय? अहो मग पाणी थोडं जास्त घालून खाली जाळ करायचा होता, निदान प्रसादाला भात तरी झाला असता!"

आधी बांगडीवाली खाला हसली. मग पाड्यावरच्या बाया हसल्या. मग बंगल्यातल्या, पदराआड, आणि मग कोणाला आवरेना. भगताच्या अंगातली देवी हसण्याच्या आवाजानं कधी उतरली ते कळलंच नाही. तो केस बांधत बाजूला सरकला होता. पुढं महिनाभर तो प्रत्येकाला एकेकट्याला गाठून सांगत होता, "म्या अध्यक्षाला बोललो व्हतो, असं उगवत न्हाय." बोलला होता म्हणे! मग उरलेल्या नवरात्रात त्या बासमतीवर रोज पाणी कशाला शिंपडत होता?

अध्यक्ष म्हणाला, "देवीला हलकं कसं देनार? सगळ्यात भारी घेतला व्हता." खरंच तसं म्हणाला तो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मला, शेत विकून मोठा झाला, आणि भात कशापासून उगवतो ते विसरला. अशा माणसाला गाव अध्यक्ष करतं.

सासूनं माझ्या तळव्यावरचा एक दाणा उचलला, नखानं दाबला आणि टाकून दिला. मग डोळे पुसून उठली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिला अध्यक्षाचा राग आला नव्हता. देवी आपल्यावर रागावलेली नाही, एवढंच तिला कळलं होतं आणि तेवढ्यानंच ती हलकी झाली होती.

"रुजवण हाय," ती म्हणाली. "माझ्या घरी हाय. ज्याला पायजे त्यानं चला."

मग जे झालं ते बघायला डीजेवाला एकटाच वर राहिला. सगळी जत्रा डोंगर उतरली. जीपमधनं नाही, चालत, कारण रुजवण आणायला चालतच जायचं असतं, हे तेवढं एकाएकी सगळ्यांना आठवलं. आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. शेणाच्या वासाची बाईसुद्धा आली. मी तिला म्हटलं, "नाक धरायला रुमाल देऊ?" सासूनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

देव्हाऱ्याखालची टोपली तिनं बाहेर आणली. फडकं काढलं. कोंब असे दाट आणि पिवळे होते, की मागच्या बाया टाचा उंचावून बघायला लागल्या. ती वाटायला बसली. एकेकाच्या हातात चिमूटभर. बाया अंबाड्यात खोवत होत्या आणि तिच्या पाया पडत होत्या. मला ते बघवत नव्हतं. तासाभरापूर्वी याच बाया तिला "हट्ट सोड" म्हणत होत्या!

अध्यक्ष सगळ्यांत शेवटी आला. टोपी नव्हती, म्हणून फेटा पुढं केला. सासूनं त्याच्या हातात कोंब ठेवले. तो वळला, दोन पावलं गेला आणि थांबला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

तो कोंबांकडे बघत होता. रीत त्यालाही ठाऊक होती. घरी जाताना बांधावर लावायचे. आणि त्याला बांध नव्हता. त्याच्या पाठीमागं जे जे उभे होते त्यांतल्या बहुतेकांना नव्हता. मागच्या दोनतीन सालांत त्यांनी ते कोंब गाडीच्या आरशाला अडकवले असतील, गटारात टाकले असतील, मला काय माहीत. पण त्या दिवशी भेदरले होते सगळे. हातात चिमूट चिमूट रुजवण आणि सगळीकडे सिमेंट. आमच्या खाचरामागच्या त्याच्या जमिनीवरही दगडाची भरणी झालेली.

तो परत वळला. सासूकडे न बघता, खाली बघत म्हणाला, "काकी, तुमच्या बांधावर लावू काय?"

मी तोंड उघडलं होतं. पण सासू आधीच उठली होती. ती खाचराकडे चालायला लागली, भाताला हात लावत लावत, आणि बांधाच्या कडेला उभी राहून तिनं जागा दाखवली.

"लाव," ती म्हणाली. "भाताला धक्का लावू नको."

पांढरे बूट काढून तो चिखलात वाकला. त्याच्या मागं बाकीचे, साखळ्या सावरत, साड्या वर धरत, एकामागं एक. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जा, गोडाऊनच्या पत्र्यावर लावा. पण मला कोणी विचारलं नाही, आणि रान तिचं होतं.