काढून टाकायचं की आत ठेवायचं

भाद्रपद लागला की आमच्या घरातली नागली संपायची. हरसूलच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. उतारावर थोडी जमीन, तीत भात आणि नागली, आणि घरात खाणारी तोंडं सात. भात अजून उभा असायचा आणि कणगी तळाला गेलेली असायची. मग आई रानातून कडूकंद आणायची. ते उकडायचे, काप करायचे आणि रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टोपलीत ठेवायचे, तेव्हा कुठे ते तोंडात घालण्याजोगे व्हायचे. आम्ही पाच भावंडं एकाच परातीत जेवायचो. हळू खाणारा उपाशी उठायचा. मी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत भरभर खाणारी. चावत बसायचं नाही, वर पाणी प्यायचं आणि घास खाली ढकलायचा.

दिवाळीनंतर घराला कुलूप लावून आईवडील द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे जायचे, ते होळीला परत यायचे. मला आश्रमशाळेत घातलं होतं. तिथं दोन वेळचं जेवण होतं, म्हणून मी शाळेत टिकले, हे मी सरळ सांगते. अभ्यासाची गोडी नंतर लागली. पुढे नाशिकला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं. आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

नाशिकलाच माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्न झालं, नवरा शिक्षक, दोन मुलं. आणि मी खात राहिले. ताटात आलेलं टाकायचं नाही, मुलांच्या ताटात उरलेलंही टाकायचं नाही. अंग भरत गेलं तशी आई गावात कौतुकानं सांगायची, माझी बाय आता खात्यापित्या घरची दिसते. पस्तिशीला साखर निघाली. चाळिशीला इन्सुलिन सुरू झालं आणि वजन एकशे चौदा किलोवर गेलं. प्रयोगशाळेत नमुन्यांचं पोतं उचलायला वाकले की उठताना टेबलाचा आधार लागायचा. तेवढ्यावरही मी काही केलं नसतं. पण एक दिवस नव्या चपलेनं तळपायाला फोड आला. तो मला दुखलाच नाही. चपलेवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. कारण वडिलांचं असंच सुरू झालं होतं.

वडील अंगानं काटकुळे. साखरेचा आजार बसून खाणाऱ्यांना होतो अशी आमची समजूत, त्यामुळे पाय काळा पडेपर्यंत कुणाच्या मनातही आलं नाही. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. निरोप मिळून दवाखान्यात पोचले तोवर गुडघ्याखालचा पाय काढून झाला होता. कागदावर आईचा अंगठा होता. त्यावर काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. पण नंतर तिनं एकच गोष्ट विचारली, पाय कुठे आहे? वॉर्डातल्या माणसानं सांगितलं, विल्हेवाट लावली. वडील दीड वर्षांनी गेले. तेव्हापासून आई म्हणते की माणूस पुरा माघारी गेला नाही, अर्धा नाशिकलाच राहिला. मातीला देताना माणूस अख्खा पाहिजे, असं तिच्या मनात पक्कं बसलंय.

फोड भरायला दीड महिना लागला. तो बरा करणाऱ्या डॉक्टरांनीच मला वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे पाठवलं. सर्जन बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी कोऱ्या कागदावर दोन जठरं काढली. पहिल्या प्रकारात जठराचा मोठा भाग कापून कायमचा काढून टाकायचा, राहिलेलं केळ्यासारखं उभं. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा बायपास. त्यात वरती अंड्याएवढी पिशवी करायची आणि आतडं थेट तिला जोडायचं. अन्न उरलेल्या जठरात जातच नाही. मला दुर्बिणीच्या तपासणीत आम्लपित्तानं अन्ननलिका सोललेली निघाली होती आणि साखर जुनी होती. त्यामुळे त्यांचा कल बायपासकडे होता. पण त्या म्हणाल्या, दोन्ही होऊ शकतात, विचार करून सांगा.

मी वहीत मधे रेघ मारून दोन रकाने केले. प्रयोगशाळेतली सवय. एका बाजूला स्लीव्ह: सोपी, वेळ कमी, गोळ्या कमी, पण आम्लपित्त वाढू शकतं. दुसऱ्या बाजूला बायपास: साखरेला जास्त चांगली, पण लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं जन्मभर. गोड खाल्लं तर त्रास. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या बंद. दोन्हीकडे खाली मी सारखंच लिहिलं, परत वजन वाढू शकतं. एवढं करून परत तिथेच आले तर?

ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीनं आदल्या वर्षी स्लीव्ह करून घेतली होती. ती म्हणायची, "कशाला आतडी जोडत बसतेस? प्लंबिंगचं काम आहे का ते? माझ्यासारखं कर आणि सुटून जा." खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. जन्मभर गोळ्या या शब्दांनी माझं धैर्य जायचं. आठ दिवसांत मी तीनदा स्लीव्ह ठरवली आणि तीनदा मोडली. नवऱ्याला विचारलं की म्हणायचा, तू म्हणशील ते. मला त्याचाही राग यायचा.

शेवटी आईला सांगायला गावी गेले. ती पडवीत बसून वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "पोटाला नव्हतं म्हणून आम्ही लोकांच्या बागंत राबलो. आन तू आता खाणं जास्त झालं म्हणून पोट कापून घेणार?"

मी खाली बसून तिच्याबरोबर वाल सोलायला लागले.

"गावात सांगू नको," ती म्हणाली. "लोक हसतील. आजून निम्मा पाडा कामाला बाहेर जातो."

मी कबूल केलं. मग तिनं विचारलं, कापलेलं कुठं टाकत्यात? मी पर्समधून सर्जनबाईंचा कागद काढून तिच्यापुढे धरला. ह्यात काढून टाकतात आये, तपासायला पाठवतात. ह्या दुसऱ्यात काढत नाहीत, नुसती वाट बदलतात. तिला वाचता येत नाही, पण चित्र ती नीट बघत होती. बायपासच्या चित्रातल्या खालच्या, रिकाम्या जठरावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे आतच राहतंय ना?"

"आतच राहतं."

"मंग हे कर. तुझं सगळं तुझ्याजवळ राहू दे."

परतताना त्र्यंबकपर्यंत मी बसमध्ये रडत आले. आईच्या भाबड्या समजुतीवर मी शस्त्रक्रिया ठरवते आहे का, ही नवी काळजी लागली. मी शिकलेली बाई. दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या आईचं कारण वेगळं आहे, माझं वेगळं आहे. पण बोट दोघींनी एकाच चित्रावर ठेवलंय. तुमचं काय?" मी घरी येऊन वहीतले रकाने पुन्हा वाचले. स्लीव्हच्या बाजूला मी गोळ्या कमी हे दोनदा लिहिलं होतं आणि साखर एकदाही नाही. मी भीतीला कारण म्हणत होते. तिथं बायपासचं ठरलं.

शस्त्रक्रियेआधीचे पंधरा दिवस पातळ आहार. मग दाखल झाले. संमतीपत्र आलं तेव्हा मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, नर्स ताटकळली तरी. जोड गळू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित जीव जाऊ शकतो. दोन शब्द कळले नाहीत, ते डॉक्टरांना बोलावून विचारले. मगच सही केली.

शुद्धीवर आल्यावर पहिला विचार वेदनेचा नव्हता. मी चुकीचं काही केलं का, हाच होता. दुसऱ्या दिवशी चालवलं. चौथ्या दिवशी घरी. औषधाच्या छोट्या कपानं घोट घोट पाणी, दर काही मिनिटांनी. पंधरा दिवस पातळ, मग घोटलेलं वरण, मग मऊ. आई येऊन राहिली होती. डाएटिशियननं भिंतीवर लावायला कागद दिला होता: आधी प्रथिनं, प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. पाणी नाही म्हटल्यावर आई बावरली. "घास उतरंल कसा?" पाण्याशिवाय घास उतरतो हे मलाही बेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं. घड्याळ लावून वाटीभर अंड्याची भुर्जी अर्धा तास खायची. चार घासांनंतर छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं, घाम यायचा, आणि वाटायचं की जोड सुटला. नंतर कळलं, मी भरभर खात होते. सवय पोटात नव्हती, हातात होती. मी पोह्यांचा चमचा टाकून मुलीच्या लहानपणीचा चमचा वापरायला लागले.

सगळ्यांत अवघड होतं ते ताटात उरलेलं टाकून देणं. मुलानं अर्धी पोळी ठेवली की हात आपोआप जायचा. आई ते बघायची. एकदा तिनंच ती पोळी उचलून पदराखाली घेतली आणि खाली गाईला घालून आली.

तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले. परत येतात, असं सांगितलं होतं, तरी फणीकडे बघवत नव्हतं. रोज वजन करायचे. एक आठवडा काटा हलला नाही तर जेवण आणखी कमी करायचे. त्यावर डाएटिशियन रागावली. म्हणाली, ताई, प्रथिनं कमी केलीत तर केस सगळेच जातील, आणि काटा आठवड्यातून एकदाच काढायचा.

साडेचार महिन्यांनी गावात धाकट्या चुलतभावाचं लग्न निघालं. माझं वजन बरंच उतरलं होतं. लोकांनी विचारलं तर आई सांगायची, शहरात चालती रोज. जेवायला बसले तर आत्या आली. आमच्याकडे पाहुण्याला हातानं घास भरवल्याशिवाय आग्रह पुरा होत नाही, आणि भरवलेला घास नाकारणं म्हणजे त्या घराला नाकारणं. आत्यानं जिलबी माझ्या तोंडाला लावली. "वाळून काटकी झालीस. नवरा खाऊ घालत नाय काय?" बायका हसल्या. कारण सांगितलं असतं तर आईला दिलेला शब्द मोडला असता. मी खाल्ली. तिनं दुसरी लावली. तीही खाल्ली. शिकलेल्या बाईनं केलेली चूक आहे ही, सगळं माहीत असून केलेली.

वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. अंग घामानं भिजलं, डोळ्यांपुढे अंधार, पोटात पीळ. मी मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले आणि मग आडवीच झाले. भोवती गर्दी झाली. कुणी म्हणालं बाधा झाली, भगताला आणा. कुणी कांदा फोडला. आत्या रडायला लागली, मी काय घातलं पोरीला. मला बोलता येत नव्हतं आणि मरण आलंय असंच वाटत होतं.

आई गर्दीतून आत आली. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"कोणी कायबी करू नका. तिला बाधा नाय. तिच्या पोटाचं आपरेशन झालंय, गोड चालत नाय. साखरंनं हिच्या बापाचा पाय नेला, तो तुम्ही समद्यांनी पाह्यला. हिचा जाऊ नये म्हणून केलंय. मीच सांगितलं होतं लपवायला. आता आग्रह कराल तर माझ्याशी गाठ हाय."

कुणीही हसलं नाही. आत्यानं मला लिंबूपाणी देऊ का विचारलं, आई म्हणाली, साखर नको, साधं दे, ते पण थोडं थांबून. तासाभरात मला बरं वाटलं. निघताना गावातली एक बाई बाजूला येऊन हळूच म्हणाली की तिच्या नवऱ्याच्या पायाला मुंग्या येतात, कुठे दाखवायचं? मी तिला चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला आणि त्याला घेऊन येताना मला फोन कर म्हणून सांगितलं.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. जेवणाची वेळ चुकली की चरकते. गोळ्यांची डबी विसरून प्रयोगशाळेत पोचले तर घरी परत जाते. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला देते आणि निकाल येईपर्यंत कुणाशी धड बोलत नाही. सकाळी पंचवटीत भाजी घ्यायला चालत जाते आणि चालतच येते. साखर कायमची गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत, आटोक्यात आहे म्हणतात, आणि मीही तेवढंच म्हणते.

आज माझं वजन एकोणऐंशी किलो आहे. इन्सुलिन बंद होऊन एक वर्ष चार महिने झाले.