वडशाच्या मंडईतली गप्प राणी

पौषात धान चुरून (मळून) झाल्यावर मी एकटीच वडशाला निघाले. भासऱ्यांचे (नवऱ्याच्या थोरल्या भावाचे) पत्र आले होते. मंडईला (गावच्या जत्रेला) मुलीला घेऊन या, तिची सुपारी फोडायची आहे, असे त्यात लिहिले होते. मुलगा बिजवर, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. माझी मुलगी बारा वर्षांची. गावच्या शाळेत चौथीत पहिली आली आणि तिला पुढे शिकायचे आहे. तिला मी शेजारच्या बाईंकडे ठेवले आणि चामोर्शीहून मोटारीत बसले. नाही म्हणायला जात होते. ते कसे म्हणायचे, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

गडचिरोली सोडल्यावर कठाणी नदीत मोटारीचे चाक वाळूत रुतले. सगळ्यांना उतरवले. मी लुगडे सावरत काठावरच उभी राहिले. पाठीवर पानांचा भारा घेतलेल्या एका म्हाताऱ्या गोंड बाईने न विचारताच माझा हात धरला.

"भेव नको, बाई. पानी गुडघ्याएवढंच हाय."

पलीकडे गेल्यावर तिने कुठे जाते म्हणून विचारले. मंडईला, एवढेच मी सांगितले. ती हसली आणि रानाच्या पायवाटेने निघून गेली. तिच्याशी आणखी दोन शब्द बोलायला हवे होते, असे मला आरमोरीपर्यंत वाटत राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) होत्या आणि वाळल्या खुंटांमधून लाखोळीचे कडधान्य हिरवे वर आले होते. मोटारीत सगळे आपापल्या माणसांशी बोलत होते.

वडशाला पोहोचले तेव्हा गोंदियाकडे जाणारी छोटी आगगाडी शिट्टी देत होती. घरी जाऊबाई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होत्या. त्यांनी माझ्या मागे पाहिले.

"काऊन वं, एकटीच? पोरीले नाई आणलं?"

मी मनातले सगळे त्यांना सांगितले आणि भासऱ्यांच्या कानावर घालायला विनवले. त्यांनी झारा निथळवला. म्हणाल्या, पोरगी पाहिलेलीच आहे, सुपारी तिच्यावाचूनही फुटते. परवा सकाळी पाहुणे येणार. आणि हे आपण सांगितले तर पहिली बोलणी आपल्यालाच बसतील.

आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांना तोंड दाखवायचे नाही आणि त्यांच्याशी बोलायचे नाही. लग्नाला चौदा वर्षे झाली, त्यातली सहा वैधव्याची. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. जाऊबाईच सांगणार नसतील तर दुसरे कोणी नव्हते. मी चार वडे ताटात घेतले, दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात नाटकाची तालीम होती. मंडईत रात्रभर नाटक चालते, घरोघरी पाहुणे असतात आणि अर्ध्या सोयरिकी तिथेच जमतात. या वर्षीचे नाटक विलायती होते. शाळेच्या मास्तरांनी तीनशे वर्षांपूर्वीचे एक इंग्रजी नाटक मराठीत उतरवले होते. भासरे राजा झाले होते. पण मास्तरांचा घसा पार बसला होता, आणि मागून वाचून दाखवणारे तेच. पाठांतर तर कुणाचेच पक्के नव्हते. मागून येईल ते वाक्य म्हणायचे, अशी तिथली रीत. मग भासऱ्यांनी आत निरोप धाडला की आपल्या घरात चौथी शिकलेली बाई आहे, तिला पडद्याआड बसवा. वाचणे म्हणजे काही बोलणे नव्हे, असे त्यांनीच ठरवले.

धोतराच्या पडद्याआड मी वही घेऊन बसले. मला खालून फक्त पाय दिसत होते. वहीच्या पहिल्या पानावर मास्तरांनी लिहिले होते की नाटक जुने असले तरी आजच्या माणसाने शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे, दिलेला शब्द मोडू नये हे मुख्य. गोष्ट अशी, की लढाई थांबावी म्हणून राजा आपली मुलगी म्हाताऱ्या शत्रूला देऊ करतो. प्रधान बोलतो, सेनापती बोलतो, विदूषकही बोलतो. मुलीच्या आईसाठी मात्र तीन ठिकाणी एकच ओळ होती: राणी गप्प उभी राहते. शेवटी मुलगी मरते. आपल्या लोकांना ते सोसायचे नाही म्हणून मास्तरांनी ते कंसात टाकून लग्न लावून दिले होते.

राणीचे काम झितरू नावाच्या माणसाकडे होते. त्याला एक वाक्यही पाठ होत नसे, म्हणून.

मी वाचत होते, भासरे मोठ्याने म्हणत होते. माझ्या तोंडचा शब्द क्षणात त्यांच्या तोंडी जाई. तिसऱ्या अंकात मुलगी पाया पडते तिथे मी आले. 'दिलेला शब्द मागे घेणे राजाला शोभत नाही' असे लिहिलेले मला स्वच्छ दिसत होते. त्याखाली राणी गप्प उभी होती. लांबच्या त्या मुलुखात, इतक्या वर्षांमागेही, तिला कुणी विचारले नव्हते आणि तीही बोलली नव्हती. मी वाचले,

"मुलीच्या आईला विचारल्याशिवाय मी सुपारी फोडणार नाही."

भासऱ्यांनी ते जसेच्या तसे, आवाज चढवून, साऱ्या अंगणाला ऐकवले.

आधी झितरू हसला, भासऱ्यांना म्हणाला, "विलायतेत सुपारी कुठून आली, पाटीलभाऊ? अन् राणीले इचारता म्हनता, तं मले बोलाव लागन. मले तं काईच पाठ नाई."

सगळे हसले. मास्तरांचे पाय पुढे धावले, पण त्यांचा आवाज फुटेना. भासऱ्यांचे पाय पडद्याकडे वळले आणि तिथेच थांबले. मग ते म्हणाले, "पुढचं वाचा."

मी पुढचे वाचले. अंक संपेपर्यंत मी एकही शब्द बदलला नाही.

सकाळी पाहुणे आले. ओसरीवर पाच जण बसले, ताटात सुपारी आणि अडकित्ता ठेवला. मी दाराच्या आत भिंतीला टेकून उभी होते. भासऱ्यांनी अडकित्ता उचलला आणि परत ठेवला. तोंड अंगणाकडेच ठेवून ते म्हणाले,

"आत कोनाले काई सांगायचं असन, तं आता सांगा. मंग नाई."

जाऊबाईंनी माझे मनगट धरले. मी ते सोडवले.

"मुलगी पुढे शिकणार आहे," मी म्हणाले. "मी तिला देत नाही."

पाहुणे चहा न घेता उठले. भासऱ्यांनी ताट आत पाठवले. रात्री नाटक होते, पण मी दुपारच्या मोटारीनेच निघाले. निघताना जाऊबाईंनी शिदोरी दिली नाही, पुन्हा ये असेही म्हटले नाही. सासरचे ते एकच घर मला उरले होते.

मोटारीत विचार करत होते. मास्तरांना त्या जुन्या नाटकातून दिलेल्या शब्दाची शिकवण मिळाली, मला न बोललेल्या शब्दाची. तीनशे वर्षे लोक ती राणी पाहत आले असतील आणि ती सोशिक आहे असे म्हणत आले असतील. मला ती भ्यायलेली वाटली. मी तिला ओळखले, कारण तशीच मी होते. बोलल्यावर काय होते, ते मात्र त्या नाटकात कुठे लिहिलेले नव्हते.

मोटार थांबते तिथे मुलगी धावत आली. जूनपासून गडचिरोलीच्या शाळेत जायचे, तिथेच राहायचे, असे मी तिला सांगितले. घरापर्यंत ती एकसारखी बोलत होती: पाटी नको आता, वह्या लागतील, तिथे इंग्रजी शिकवतात. जूननंतर त्या घरात माझ्याशी बोलायला कुणी असणार नव्हते. तिच्याबरोबर चालताना ते मला कळत होते. मी तिला सांगितले नाही. आजवर अनेकदा भीतीने गप्प राहिले, त्या दिवशी मात्र मी आपल्या मनाने गप्प राहिले.