भावकीतच सांगितलं म्हणे

बहिणीच्या घटस्फोटाची सुनावणी लातूरच्या कोर्टात बंद दाराआड झाली. इथलं बोलणं बाहेर जाता कामा नये, असा न्यायाधीशांचा आदेश होता. तरी तिनं रडत सांगितलेलं सगळं तिच्या नवऱ्यानं निलंग्यात एका लग्नाच्या पंगतीत हसत हसत सांगितलं. आम्ही अवमानाचा अर्ज केला. तो म्हणाला, "बाहेर कुठं सांगितलं साहेब? भावकीतच बोललो की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची भावकी म्हणजे अर्धा तालुका.

न्यायाधीशांनी प्रकरण हायकोर्टात पाठवतो म्हटल्यावर त्यानं हात जोडून कोर्टाची माफी मागितली. ती मंजूरही झाली. बहीण त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिची माफी माग, असं त्याला कुणीच म्हटलं नाही.