टोल्याच्या भिंती आणि दुलीचंद गुरुजी

दुलीचंद गुरुजींची माझी पहिली भेट माझ्याच अंगणात झाली. सिव्हिलची पदविका घेऊन मी नागपूरहून परतले होते. सालेकशाजवळच्या आमच्या टोल्याचे, म्हणजे चौतीस घरांच्या वस्तीचे, नकाशे काढून त्याचा इतिहास आपणच लिहायचा, असे मी ठरवले होते. गुरुजी मूळचे दवनीवाड्याचे. मी बाहेर शिकत असताना ते बदलीने आमच्या शाळेवर आले होते. त्या दिवशी ते माझ्या मोठ्या आईंसोबत, म्हणजे थोरल्या काकूंसोबत, मोहफुले निवडत बसले होते.

आमच्या घराची मधली भिंत नव्वद सेंटीमीटर जाड भरली. बाकीच्या पंचेचाळीस. छताचा भार पेलण्यासाठी ती जाड बांधली, असे मी नकाशाखाली लिहिले. गुरुजींनी नकाशा नीट पाहिला.

"माप बरोबर आहे, बेटी. जरा माळ्यावर चढून पाहा."

वर गिलावा नव्हता. एकमेकींना खेटलेल्या दोन भिंती दिसल्या. खाली उतरल्यावर गुरुजींनी सांगितले: आजोबा आणि त्यांचे भाऊ वेगळे निघाले, तेव्हा सामाईक भिंत दोघांनाही नको होती. ती लिपायची कोणी, यावरून दरवर्षी भांडण झाले असते. म्हणून प्रत्येकाने आपापली बांधली.

"मले काऊन नाही सांगतलं?" मी मोठ्या आईंना विचारले.

"कायले सांगू? तू आली तशी टेप लावून रायली. गुरुजी बसते, मोहफूल निवडते, मंग गोष्ट निघते."

त्या दिवशी मला गुरुजींचा मत्सर वाटला. तो अजून ओसरलेला नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहू नये, हे मला कळते. पण गुरुजींना मोघम लिहिलेले चालत नाही.

माझे नकाशे आणि गुरुजींच्या नोंदी मिळून टोल्याची पुस्तिका छापायला निघाली, तेव्हा सरपंचांनी लेखक म्हणून एकट्या गुरुजींचे नाव घातले. गुरुजींनी प्रूफ परत केले. "मापं तिची आहेत. तिचं नाव आधी."

"पण गुरुजी, ते पोरगी भिंत चुकली होती ना?"

"दाखवल्यावर माळ्यावर चढली. तुम्ही चढले असते का?"

सरपंचांच्या पोटाकडे पाहून सगळे हसले. माझे नाव वर छापले गेले. मला आनंद झाला असे म्हणणार नाही. इतिहासात ते पुढे होतेच, आता मोठेपणातही निघाले.

तेव्हापासून दरवर्षी मी त्यांच्या नोंदी घरोघर जाऊन तपासते. अजून एकही चूक सापडलेली नाही. पंच्याहत्तरीनिमित्त माझी इच्छा एवढीच: गुरुजींचे गुडघे, डोळे आणि स्मरण शाबूत राहोत. ज्या दिवशी चूक सापडेल, त्या दिवशी ती दाखवायला ते समोर असावेत. शोधण्याची मला घाई नाही.