सत्यवतीबाईंचं सातवं प्रकरण

चामराजपेटेतल्या मुलींच्या एका कन्नड शाळेत सत्यवतीबाई शिवण-विणकाम शिकवत, आणि डब्याच्या सुट्टीत सगळ्यांकडे पाठ करून कादंबरी लिहीत. कादंबरी मुलांसाठी होती आणि मराठीत होती. शाळेतल्या दोन चोंबड्या मुली चोर शोधून काढतात, अशी गोष्ट. मराठीत लिहिण्यात एक सोयही होती. बाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, पण शाळेत वही कुणाच्या हाती पडली तरी ओ की ठो कळणार नाही, याची त्यांना खात्री होती. हुशार माणसं अशीच फसतात.

१९५८ साली सहामाहीच्या आदल्या दिवशी गणिताची प्रश्नपत्रिका मुख्याध्यापिकांच्या कपाटातून नाहीशी झाली. कुलूप जसंच्या तसं होतं. सगळ्या शिक्षिकांचे खण तपासले गेले, आणि सत्यवतीबाईंच्या खणात वही सापडली. मुख्याध्यापिका पद्मावतम्मांनी ती उलटसुलट पाहिली. मग त्यांना सहावीतली क्षमा आठवली. तिच्याही घरी मराठीच. कादंबरीतली एक मुलगी बाईंनी हिच्यावरूनच बेतली होती, तरी नेमकी हीच त्यांच्या ध्यानातून सुटली होती.

"वाच, आणि कन्नडात सांग," पद्मावतम्मा म्हणाल्या.

क्षमा बाईंच्या समोरच वाचू लागली. सातवं प्रकरण जवळ येत होतं. त्यात चोर मुख्याध्यापिकांचं कपाट क्रोशाच्या सुईने उघडतो. सुई किती आत घालायची, कुठे वळवायची, सगळं बाईंनी बारकाईने लिहिलं होतं. लिहिलं होतं मनानेच, करून कधी पाहिलं नव्हतं. पण विणकामाच्या बाईंचं हे म्हणणं कोण मानणार? नोकरी गेली की भाड्याची खोली जाणार, आणि मग आनेकलला भावाच्या घरी वहिनीच्या हाताखाली उरलेला जन्म. त्या विधवा बाईला तिसरी जागा नव्हती.

सातव्या प्रकरणाशी क्षमा अडखळली. तिने बाईंकडे एकदा पाहिलं, आणि नजर वहीवर ठेवून घडाघडा सांगितलं, की इथे दोघी मुली डबा खातात, डब्यात लिंबू पिळलेल्या भाताचं चित्रान्न आहे. पुढची दोन पानं चित्रान्नच चाललं.

"स्वल्प थांब," पद्मावतम्मा म्हणाल्या. "हे मी बाहेरच्या माणसाकडून पडताळून घेईन."

पोरीचे ओठ पांढरे पडले. बाईंना तिची माया आली आणि तिचा रागही आला. एवढ्याशा पोरीने आपल्यासाठी खोटं बोलावं, आणि पकडली गेली तर तिचं शाळेतून नाव काढलं जावं?

"क्षमा, दोन पानं मागे जा," त्या म्हणाल्या. "राहू दे, मीच सांगते." आणि कुलूप, सुई, सगळं त्यांनी कन्नडात सांगून टाकलं.

पद्मावतम्मांनी बाईंच्याच पिशवीतून क्रोशाची सुई काढली आणि पुढे केली. "सरी, ठीक आहे. करून दाखवा."

मुद्दाम चुकवता आलं असतं. कुलूप उघडलं नाही की बाई सुटल्या. चुकवायचं ठरवूनच त्यांनी सुई आत घातली, पण दोन वर्षं मनात वळवलेली ती सुई हाताला चुकवता येईना. ती लिहिल्याप्रमाणे वळली, खट्‌ आवाज झाला आणि कपाटाचं दार सुटलं.

आणि बाई हसल्या. भीती नंतर आली. आधी त्यांना निखळ आनंद झाला, की आपण लिहिलं ते बरोबर होतं.

"हसता?" पद्मावतम्मांनी विचारलं.

"उघडेल असं वाटलं नव्हतं मला."

त्या खोलीत हे एकट्या क्षमाला खरं वाटलं. तिने जोरजोरात मान हलवली. पद्मावतम्मांनी राजीनामा लिहायला दौत आणि कोरा कागद बाईंपुढे सरकवला.