पडद्यावरची हाक

घाटनांदूरला तंबूतला सिनेमा आल्याची दवंडी आमच्या गावापर्यंत आली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. दवंडीवाला हलगी बडवत ओरडत होता, "मेलेलं माणूस पुढल्या जल्मी घावतं! डोळ्यांनी बगा!" माझे मालक प्लेगात गेले त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: पुढच्या जन्मी माणसं एकमेकांना ओळखतात तरी कशी? कीर्तनकार जन्मांचे फेरे रंगवून सांगायचे, पण ओळखीबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

विधवेनं असल्या खेळांना जायचं नाही, हे तर ठरलेलंच. पण सासूबाईच म्हणाल्या, "आत्म्याचा इषय हाय, म्हंजी देवाचंच म्हणायचं. चल." सासूला मी आत्या म्हणत असे. लेक गेल्यापासून त्यांचं माझ्यावर खेकसणं कमी झालं होतं आणि माझ्याजवळ येऊन बसणं वाढलं होतं. त्यांनाही काहीतरी पाहायचं होतंच, बोलल्या नाहीत एवढंच. दिवेलागणीला आम्ही शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून तिथं पोचलो.

तंबूच्या मधोमध पांढरा पडदा टांगलेला. पुढच्या बाजूला पुरुष, त्यांच्याही पुढे पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची खुर्ची, आणि पडद्याच्या पाठीमागे आम्ही बाया. निजामाच्या राज्यात बायकांची सोय अशीच व्हायची. चित्र आरपार दिसायचं, फक्त डावं-उजवं उलटं. त्यामुळे आमचा राजपुत्र डाव्या हातानं जेवत होता आणि माझ्या शेजारची म्हातारी त्याच्या आईला शिव्या घालत होती. चित्र मुकं. छडी घेतलेला एक माणूस अर्ध्या उर्दूत, अर्ध्या मराठीत गोष्ट सांगायचा आणि ऐन रंगात आल्यावर तंबाखू थुंकायला थांबायचा.

राजपुत्र आणि माळ्याची पोर पहिल्या जन्मी नदीत बुडाली. बुडताना त्यांनी इतके हातवारे केले, की तेवढ्यात पोहून पलीकडे गेली असती. मी ते मुकाट्यानं सोसलं. मला दुसरा जन्म हवा होता. तो आला, आणि मी पाहते तर काय, तोच नट, तीच नटी! मिशीसुद्धा तीच! तोंड तेच राहिल्यावर गावातलं कुत्रंही ओळखेल, त्यात जन्मोजन्मीचं प्रेम कुठून आलं? तरीही त्या शहाण्याला ओळख पटता पटेना. शेवटी ती टेकडीवर चढली आणि तिनं त्याचं मागल्या जन्मीचं नाव घेऊन हाक मारली. छडीवाल्यानं ती हाक आपल्या घोगऱ्या आवाजात लांबवली. राजपुत्राला सगळं आठवलं, दोघं गळ्यात पडली, खेळ खलास. पुरुषांकडून शिट्ट्या आल्या, बाया डोळे पुसू लागल्या. मला मात्र संतापानं रडू आलं.

सकाळी आम्ही सासूसुना कापूस वेचायला रानात गेलो. तिथंही माझे डोळे थांबेनात. आत्या म्हणाल्या, "काहून रडतीस पोरी? खेळच व्हता त्यो."

मी म्हणाले, "आत्या, तिनं नाव घिऊन हाक मारली. म्या त्यास्नी एकदाबी तशी हाक मारल्याली न्हाई. मंग मला कसं वळखावं त्यांनी?"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सणासुदीला उखाण्यात गुंफून मी ते घेतलं होतं, पण ते बायांना ऐकवायला. हाक म्हणून कधीच नाही. ते घरात असले की मी भांडं वाजवायची. रानात असले की बांधावर उभी राहून त्यांनी इकडं बघायची वाट पाहायची. गावाबाहेरच्या झोपडीत ते शेवटचे पडून होते, तेव्हाही आत्यांनी कानाशी तोंड नेऊन नावानं हाका मारल्या आणि मी पायाशी नुसती बसून राहिले. त्यांनी डोळे उघडले ते आईच्या हाकेला.

आत्या उठल्या. कमरेला कापसानं फुगलेली ओटी तशीच होती. ओढ्याकडं तोंड करून त्यांनी लेकाला हाक मारली, न्याहारीला बोलवायच्या तशी, नाव घेऊन, शेवटी "रंऽऽ" लावून. मग माझ्याकडे वळल्या. "आता तू मार. घी त्येचं नाव. म्या सांगती न्हवं? कोन काय म्हणतंय ते म्या बगती."

मी उभी राहिले. नाव जिभेवर आलं होतं. इतकं जवळ ते मला कधीच वाटलं नव्हतं. मी सगळा श्वास एकवटला आणि तोंडातून निघालं ते, "अवोऽऽ!"

बांधापलीकडच्या रानात कुणाचा तरी नवरा चटकन वळला. त्यानं कपाळावर हात धरून पाहिलं. तो पाहत होता तेवढा वेळ मीही त्याच्याकडं पाहत राहिले. मग आपली बायको नव्हे हे कळून तो पुन्हा कामाला वाकला.