धुतलेली द्राक्षं

काकू परदेशी आल्या त्या लेकीच्या बाळंतपणाला. पुढे नातू पाळणाघरात जाऊ लागला आणि काकूंच्या हाताला काम उरलं नाही. जवळच्या टेकडीवर एका म्हाताऱ्याची छोटी वाइनरी होती. हंगामात त्याला द्राक्षतोडणीला माणसं लागतात, असं जावई सहज बोलून गेला आणि काकू हट्टालाच पेटल्या. जन्मभर ज्यांनी घरात बाटली शिरू दिली नाही, त्या दारू गाळायला निघाल्या! लेकीने कपाळाला हात लावला. शेवटी एक जरी तक्रार आली तरी घरी बसायचं, या बोलीवर परवानगी मिळाली.

हातात कात्री, पायात गमबूट. घड कापायचा, कुजके मणी काढायचे, क्रेट भरायचा. तांदूळ निवडण्यात हयात गेलेल्या बाईला हे काय जड? मालकाची भाषा काकूंना येत नव्हती आणि काकूंची त्याला, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं.

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. सावलीत क्रेट रचलेले होते आणि मण्यांवर पांढुरकी भुकटी. शी! हे असंच चेंगरणार? फळ धुतल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, ही काकूंच्या घरची शिस्त. त्यांनी टाक्या धुवायचा पाइप ओढला, क्रेटनक्रेट लख्ख केला आणि शाबासकीची वाट बघत उभ्या राहिल्या.

मालक आला आणि मटकन स्टुलावर बसला. त्याने काकूंच्या लेकीला फोन केला. ती ऑफिस टाकून धावत आली. म्हातारा बराच वेळ हातवारे करत बोलला. लेकीने आईला सांगितलं ते मात्र थोडक्यात.

“अगं, त्या भुकटीतच खमीर असतं. त्यानेच रस आंबतो. तू सगळं धुऊन टाकलंस. आता येऊ नका म्हणताहेत.”

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. संध्याकाळी काकूंना घास गेला नाही. या परक्या मुलखात कुणाची आई, कुणाची आजी याखेरीज त्या स्वतः कुणीतरी झाल्या होत्या. तेवढंही गेलं. वाईट वाटणारच.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर त्या गमबूट परत द्यायला गेल्या. मालकाने त्यांना पाहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. उशीर! काकू गोंधळल्या. त्याने बाहीला धरून त्यांना कोपऱ्यात नेलं. धुतलेल्या द्राक्षांचा रस तिथे एका पिंपात वेगळा ठेवला होता, अगदी गप्प. शेजारच्या टाकीतला रस फसफसत होता. त्यातला मगभर काढून त्याने काकूंच्या हातात दिला आणि पिंपाकडे बोट दाखवलं.

“अगंबाई, हे तर विरजण!” काकू मराठीतच ओरडल्या.

म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याला काय कळलं, देव जाणे. काकूंनी तो मगभर रस पिंपात ओतला आणि त्या तोडणीला गेल्या. पण काल नको म्हणणारा माणूस आज उशीर झाला म्हणून कसा चिडेल, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी लेक भांडी घासत होती. “गमबूट दिलेस?” तिने विचारलं.

“नाही. ते येऊ नका म्हणालेच नव्हते ना?”

लेक घासतच राहिली. मग तिने नळ बंद केला. “नव्हते. उद्या लवकर पाठव म्हणाले. आई, तुझे हात बघ गं. भेगा पडल्यात, नखं काळी झालीत. मला बघवत नाही. मी तुला इथे आरामाला आणलं होतं.”

“बाळंतपणाला आणलं होतंस.”

लेकीला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. काकूंचा राग तिथेच विरघळला. त्यांनी आपले काळे हात तिच्या ओल्या हातांवर ठेवले.

“हे हात आधी काय लोण्याचे होते? घरात राबत होते तेव्हा कुणी पाहिले नाहीत, एवढंच. आता उद्या मला लवकर जायचंय. विरजण घातलेलं भांडं टाकून कुणी घरी बसतं का?”

सकाळी गमबूट दाराशी नीट मांडून ठेवलेले होते. लेकीने त्यांच्यावरचा चिखल धुतला मात्र नव्हता.